टाळूकडे बघायचं राहिलं

मूल नाकात बोलतं म्हणजे नेमकं काय होतं, हे मी आयुष्यभर लोकांना समजावत आले. तोंडाच्या छताला, म्हणजे टाळूला, मागच्या बाजूला एक मऊ पडदा असतो. प, त, क म्हणताना तो वर उचलला जातो आणि नाकाची वाट बंद करतो. म आणि न म्हणताना तो खाली राहतो, वाट उघडी असते. पडदा तोकडा असला किंवा मधोमध चिरलेला असला की सगळी हवा नाकात पळते आणि मूल गेंगाणं बोलतं. याच्या अगदी उलटही होतं. नाकामागे गाठी वाढून वाट बुजली, तर म आणि न फुटतच नाहीत, बारा महिने सर्दी असल्यासारखा आवाज येतो. आपले लोक दोन्ही मुलांना एकाच माळेत ओवतात, ‘नाकात बोलतो’ म्हणून मोकळे होतात. मला त्याचा फार राग यायचा. समोर बसलेल्या आयांनाही मी त्यावरून सुनवायची. ज्या मुलीबद्दल लिहायला बसले आहे, तिच्या बाबतीत मीच चुकले, तेव्हापासून मी कोणाला सुनवलेलं नाही.

मी जबलपूरचीच. वडील रेल्वेत होते, घर कांचघरला. मुंबईला जाऊन वाणीदोषांचा कोर्स करून परत आले तेव्हा पंचवीस वर्षांची होते आणि मला सगळं येत होतं. निदान मला तसं वाटायचं. राइट टाउनमधल्या एका लहान दवाखान्यात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी मला मागची खोली दिली. खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, एक बाक. माझं सामान म्हणजे टॉर्च, जीभ दाबायची पट्टी, कापूस, काड्या आणि एक हातआरसा. आरसा गार असावा लागायचा, म्हणून तो मी दवाखान्याच्या माठावर ठेवायची. कंपाउंडर रोज कुरकुरायचा की दीदी, पानी का घड़ा है, सिंगारदान नहीं. मी रोज त्याला तोंड द्यायची.

आरशाचं काम असं. मुलाच्या नाकाखाली तो आडवा धरायचा आणि म्हणायला लावायचं, ‘पोपट पेरू खातो.’ या वाक्यात नाकाचं एकही अक्षर नाही. म्हणताना आरशावर धुकं आलं तर हवा नाकातून गळते आहे. मग दुसरं वाक्य, ‘मामीनं मला माळ दिली.’ इथे धुकं यायलाच हवं. आलं नाही तर नाक बंद आहे. हिंदी बोलणाऱ्या मुलांसाठी हिंदी वाक्यं होती. बरगीकडच्या खेड्यांतून येणारी मुलं आरशात स्वतःचं तोंड बघून लाजायची आणि दोन्ही वाक्यं विसरायची, तेव्हा चिमटीत नाक धरून नुसतं आ-ई, आ-ई म्हणवून घ्यावं लागे.

एकाहत्तरच्या लढाईचं ते वर्ष. लढाई सुरू व्हायची होती, पण शहरातल्या दारूगोळ्याच्या फॅक्टऱ्यांना आधीच कळलं होतं. रविवारची सुट्टी गेली, दोन-दोन पाळ्या सुरू झाल्या. सायकलींचे लोंढे सकाळी जायचे ते कधी परतायचे ते बायकांनाही सांगता येत नसे. शहरातल्या दवाखान्यांना खाटा रिकाम्या ठेवायला सांगणार, अशी बोलवा होती. आमच्याकडे खाटा आठ. डॉक्टरांनी ठरवलं की ज्या मुलांच्या गाठी काढायच्या आहेत त्या दिवाळीच्या आत काढून टाकू, पुढे काय होईल सांगता येत नाही. मुलांची तपासणी मी करायची, चिठ्ठी मी लिहायची, आणि चिठ्ठी बघून ते तारीख द्यायचे.

घाईत माझी मी एक पद्धत बसवली. पोपटाच्या वाक्याला आरशावर धुकं येतं ती मुलं निळ्या पेन्सिलीची. त्यांना मी बाकावर आडवं घ्यायची, टॉर्च मारून टाळू बघायची, बोट फिरवून हाड चाचपायची. ज्यांचं नाक बंद ती लाल पेन्सिलीची. ती सरळ डॉक्टरांकडे. बंद नाकवाल्यांची टाळू बघायची नाही, असं मला कोणी शिकवलं नव्हतं. ज्याची हवा गळतच नाही त्याच्या पडद्यात भोक कशाला शोधायचं, असा माझा हिशोब होता. मला तो फार हुशारीचा वाटला होता.

ती मुलगी दसऱ्यानंतर आली. सात वर्षांची, दोन घट्ट वेण्या, तोंड सतत उघडं. बरोबर आई आणि वडील दोघं. माणसं मूळची नागपूरकडची, राहायला फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये. वडील घणाच्या शॉपमध्ये होते, जिथे तापलेलं लोखंड मशीनच्या घणाखाली ठोकतात. बारा वर्षं तिथे काढलेला माणूस. तो बोलायला लागला आणि बाहेरच्या खोलीतले पेशंट दारातून डोकावून गेले, इतका मोठा आवाज. त्याला कमी ऐकू येतं हे मला सांगावं लागलं नाही.

मी काहीतरी विचारलं. त्याने माझ्याकडे बघितलंच नाही, मुलीकडे बघितलं. मुलगी त्याच्या समोर जाऊन उभी राहिली, मान वर केली आणि माझा प्रश्न तिने त्याला सावकाश परत सांगितला. त्याने उत्तर दिलं. पुढचा प्रश्नही तसाच. आईला मी म्हटलं, “हे काय, दुभाषी ठेवलाय का?”

आई हसली. म्हणाली, “बाजारातही असंच, ताई. भाजीवाला हिंदीत बोलते, ही बापाला मराठीत सांगते. दुसऱ्या कोणाचं त्यांना धड लागत नाही.”

मी आरसा आणला. ‘पोपट पेरू खातो’ अगदी स्वच्छ, आरसा कोरडा. मग दुसरं वाक्य तिने म्हटलं, ‘बाबीदं बला बाळ दिली.’ आरसा कोरडाच. कंपाउंडर दारात उभा होता, तो हसला. मीही हसले, खरं सांगायचं तर. नाकामागच्या गाठींची इतकी चोख मुलगी मला त्या महिन्यात भेटली नव्हती. शिवाय घोरायची, सारखी सर्दी, आणि उजवा कान वर्षात तीनदा वाहिलेला. मी लाल पेन्सिल उचलली.

“ताई,” आई म्हणाली, “हिच्या पडजिभेला दोन टोकं आहेत. सासूबाई म्हणतात सरस्वतीची खूण आहे, पोरगी खूप बोलेल.”

मी लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, “बोलेल, बोलेल. एकदा नाक मोकळं होऊ द्या.”

हे वाक्य मी आजही जसंच्या तसं सांगू शकते. दुभंगलेली पडजीभ दिसली की थांबायचं, कारण वर टाळूच्या कातडीखाली चीर लपलेली असू शकते, हे मुंबईत माझ्या वहीत लिहिलेलं होतं, खाली रेघ मारून. आणि अशा मुलाच्या नाकामागच्या गाठी काढायच्या नाहीत, कारण त्या गाठीच बोळ्यासारख्या बसून तोकड्या पडद्याचं काम करत असतात, हेही होतं. मी आईचं बोलणं ऐकलं, समजलं, आणि लाल चिठ्ठी फाडून तिच्या हातात दिली. तिचं ऐकून टॉर्च लावायला मला एक मिनिट लागलं असतं.

वडिलांना काहीच पटत नव्हतं. मुलीने त्यांना ऑपरेशनचं सांगितलं, तसे ते माझ्याकडे वळून म्हणाले, “काहून करायचं, ताई? मला तर तिचं सगळं समजते.”

“तुम्हाला समजतं, शाळेत नाही समजत,” मी ओरडून म्हटलं. “आणि तिचा कान वाहतोय. तोही गेला तर?”

कान म्हटल्यावर त्यांनी मुलीच्या उजव्या कानाला हात लावला. म्हणाले, “अच्छा. मग करा.”

ऑपरेशन चांगलं झालं. तीन दिवसांनी मुलगी घरी गेली आणि तिसऱ्या आठवड्यात आई तिला घेऊन माझ्या खोलीत आली. मी म्हटलं, “काय गं, आता म्हण बरं मामी.” तिने मामी म्हटलं. सुरेख म्हटलं. मग ती पुढे काहीतरी सांगायला लागली आणि मला एक शब्द लागेना. प नाही, त नाही, क नाही. सगळं बोलणं नाकात जाऊन एकच घूं-घूं उरलेली. आई माझ्याकडे बघत होती.

डॉक्टर म्हणाले, असं होतं, दुखतं म्हणून मुलं टाळू उचलत नाहीत, महिन्याभरात जागेवर येईल. हे खोटं नव्हतं, बऱ्याच मुलांच्या बाबतीत तसं होतंही. मी त्या दिलाशाला घट्ट धरून बसले. मुलीला फुंकायचे व्यायाम दिले. टेबलावर कापसाचा बोळा ठेवायचा आणि फुंकरीने पलीकडे ढकलायचा. पोकळ काडीने पाण्यात बुडबुडे काढायचे. त्या काळी आम्ही सगळेच हे व्यायाम द्यायचो. ती मुलगी मनापासून करायची, गाल फुगवायची, डोळ्यांत पाणी यायचं आणि बोळा जागचा हलायचा नाही. सगळी फुंकर नाकातून निघून जायची.

तोवर लढाई सुरू झाली होती. दवाखान्याच्या खिडक्यांना काळे कागद लागले, भर दुपारी भोंग्याची तालीम व्हायची आणि सगळे पेशंट भिंतीला टेकून बसायचे. अशाच एका दुपारी भोंगा थांबल्यावर मी आरसा काढला. ‘पोपट पेरू खातो.’ आरसा पांढरा झाला. मी तिला बाकावर आडवं घेतलं, टॉर्च लावला. पडजिभेची दोन टोकं. वर टाळूच्या मधोमध निळसर रेघ, कातडी इतकी पातळ की आतला अंधार दिसावा. बोट मागे नेलं, तर हाडाची कड जिथे सलग लागायला हवी तिथे खाच लागली. मी बोट तिथेच ठेवून उभी राहिले. मुलीला ओकारी आली तेव्हा काढलं.

“लहानपणी दूध नाकातून यायचं का हिच्या?” मी आईला विचारलं.

“यायचं ना,” आई म्हणाली. “वर्षभर. मग थांबलं. काहून?”

“सहज,” मी म्हटलं. “व्यायाम चालू ठेवा.”

डॉक्टरांना मी त्याच दिवशी सांगितलं. ते म्हणाले, “तुमच्या चिठ्ठीवर नव्हतं.” आणि थोड्या वेळाने, “बघायला मीही हवं होतं.” मुंबईला कोर्समध्ये मला शिकवणाऱ्या बाईंना पत्र लिहा, असं त्यांनीच सुचवलं. मी लिहिलं. लढाई संपल्यावर, जानेवारीत, उत्तर आलं. बाईंनी सरळ लिहिलं होतं की व्यायामाने काही होणार नाही, मुलीला घेऊन या, घशामागची कातडी उचलून टाळूला जोडता येते, वेळ घालवू नका आणि आई-वडिलांना खरं काय ते सांगा. पत्र मी टेबलाच्या खणात ठेवलं आणि वरून चिठ्ठ्यांचा गठ्ठा ठेवला.

का सांगितलं नाही, याची कारणं मी तेव्हा पुष्कळ गोळा केली होती. लढाई संपली तरी फॅक्टरीत सुट्ट्या बंद होत्या. इटारसीमार्गे मुंबईला एकटी बाई मुलीला घेऊन कशी जाईल. डॉक्टरांचं नाव जाईल. आता लिहिताना एकच कारण उरतं, मी भ्याले होते. पंचवीस वर्षांच्या हुशार बाईला ‘माझी चूक झाली’ हे तीन शब्दांचं वाक्य म्हणता येत नव्हतं. दर पंधरा दिवसांनी त्या माय-लेकी येत आणि मी कापसाचा बोळा टेबलावर मांडत असे.

एकदा वडील आले, दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात, कपड्यांना तेलाचा वास. मुलीला बाहेर बसवून त्यांनी मला विचारलं, “ताई, सुधारून राहिली का?” मी त्यांच्या कानाशी वाकून म्हटलं, “सुधारतंय. चांगलंच सुधारतंय.” त्यांनी मान डोलावली आणि निघून गेले. जाताना त्यांनी मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला, तिच्याशी काही बोलले नाहीत.

उन्हाळ्यात कांचघरच्या बाजारात मला ते दिसले. सकाळची वेळ होती. ते भेंडीवाल्यासमोर उभे होते, मुलगी शेजारी, पण दोन पावलं मागे. भाजीवाला म्हणाला, “भैया, ये कल की है, ताजी शाम को आएगी.” त्यांना कळलं नाही, त्यांनी भेंडी निवडायला घेतली. मुलगी पुढे आली, त्यांच्यासमोर उभी राहिली, मान वर केली आणि सांगू लागली. ते वाकले, तिच्या ओठांकडे बघत राहिले. तिने पुन्हा सांगितलं. भाजीवाल्याचा शेजारी नाक धरून तिची नक्कल करायला लागला. मग वडिलांनी हसून तिच्या गालाला हात लावला, राहू दे अशी खूण केली आणि ती शिळी भेंडी पिशवीत भरली. मुलगी मागे सरकली. मी फणसाच्या ढिगामागे उभी होते, पुढे झाले नाही. घरी येऊन मी जेवले नाही. माझ्या आईने विचारलं तर ऊन लागलं म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या क्वार्टरवर गेले आणि मुलीच्या आईला सांगितलं की मुंबईला दुसरं ऑपरेशन होतं, ते करून घ्या, मी पत्र देते. पहिल्या चिठ्ठीचं मी तेव्हाही बोलले नाही. ती म्हणाली, “चलो, होते तर करू.” पावसाळ्यात तिचा भाऊ नागपूरहून आला आणि तिला व मुलीला मुंबईला घेऊन गेला. ऑपरेशन झालं. परत आल्यावर वर्षभर ती मुलगी आठवड्यातून दोनदा माझ्याकडे येत होती. आता कापसाचा बोळा टेबलावरून पलीकडे जाऊन पडायचा. प आला, त आला, क सगळ्यात शेवटी आला. इतक्या जिद्दीने शिकलेलं मूल मी नंतर फार थोडं पाहिलं. एक दिवस ‘पोपट पेरू खातो’ म्हटलं आणि आरसा कोरडा राहिला, तेव्हा मी बाकावर बसून रडले. तिने माझ्या पदराने आरसा उगाचच पुसून दिला.

मी तिच्या वडिलांना बोलावून घेतलं. मला वाटत होतं की आता त्यांना ऐकवायचं, बस्स, बाकी सगळं फिटेल. ते समोरच्या खुर्चीत बसले. मुलगी त्यांच्या पुढ्यात उभी राहिली, मान वर केली आणि स्वच्छ, सावकाश म्हणाली, “बाबा, आता मला सगळं बोलता येतं.”

ते तिच्या तोंडाकडे बघत होते. मग माझ्याकडे वळून हसले आणि मोठ्याने म्हणाले, “ओठ चांगले हालून राहिले, ताई.”

मी डॉक्टरांच्या टेबलावरून कान तपासायचे ट्यूनिंग फोर्क आणले, वाजवून त्यांच्या कानाशी धरले. सगळ्यात जाड आवाजाचा एक तेवढा त्यांना लागला, तोही हाडावर टेकवल्यावर. त्या घणांनी आधी बारीक आवाज नेले होते, दीड वर्षाच्या डबल पाळ्यांनी उरलेलेही नेले. मुलीला मी आईकडे बाहेर पाठवलं. ओरडून सांगण्यासारखी गोष्ट नव्हती आणि ओरडून उपयोगही नव्हता. मी कागद घेतला आणि लिहायला लागले. पडजिभेचं लिहिलं, लाल चिठ्ठीचं लिहिलं, बाक, टॉर्च, खाच, मुंबईचं पत्र खणात किती दिवस पडून होतं ते लिहिलं. व्यायामाने काही होणार नाही हे मला ठाऊक होतं आणि तरी मी तुम्हाला सुधारतंय असं सांगितलं, हेही लिहिलं. दोन पानं झाली.

ते एकेका ओळीखाली बोट ठेवून वाचत होते. दुसरं पान संपल्यावर त्यांनी ते उलटून पाठीमागे काही आहे का बघितलं. मग पहिलं पान परत काढून मधली एक ओळ पुन्हा वाचली. मला वाटलं आता शिव्या देतील. मी तयार होते, किंबहुना मला त्या हव्याच होत्या.

“म्हणजे तेव्हा तिचं बोलणंच लागत नव्हतं?” ते म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच मोठा होता, बाहेरच्या बाकावर मुलीला ऐकू जाईल असा. “मला वाटलं माझे कान पुरते गेले. तुम्ही म्हटलं सुधारते, तर मला वाटलं पोरगी ठीक बोलून राहिली, मलाच काही समजत नाही. सारखं काय, काय विचारलं की तिचं तोंड एवढंसं होऊन जाय. म्हणून मी तिला बोलायला लावणंच बंद केलं.”

त्यांनी दोन्ही पानं नीट घडी घालून माझ्या हातात दिली.

“तेव्हा मला थोडं ऐकू येत होतं, ताई.”